बावेवरचा दोर

आई, परवा नारूच्या मोहिमेतली दोन तरुण माणसं कर्जतच्या घरी आली होती, एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांच्या खांद्याला झोळ्या. चहा झाला आणि मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्यात. आमच्या नव्या लोकांना तुमचा अनुभव सांगा. लांबलचक नको, काय शिकलात ते चार-पाच मुद्द्यांत." मी लगेच हो म्हणून बसलो. सत्तरीला टेकलेल्या माणसाला कुणी बोलायला बोलावलं की तो नाही म्हणत नाही, ही त्याची खोडच असते. आज जेवण झाल्यापासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय. वर 'एक' लिहिलं, त्यापुढं टिंब दिलं, आणि घोडं तिथंच पेंड खातंय. शेवटी म्हटलं, ज्या बाईनं हे सगळं पाहिलं तिलाच आधी लिहावं. तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र दोन्हीकडून निरुपयोगी. तरी लिहितो, कारण मुद्दे सुचत नाहीत आणि तू मात्र सारखी आठवतेस.

त्या दोघांना नारू माहीत आहे, पण आपल्या ओसरीवरची उन्हाळ्यातली रांग त्यांनी कुठं पाहिलीय. खालापूरकडच्या त्या चार-पाच गावांत नारू काढणारी तूच. माणसाच्या पायावर फोड यायचा, फुटायचा, आणि आतून पांढऱ्या सुतासारखं टोक डोकवायचं. ते तू खराट्याच्या काडीला गुंडाळायचीस, दिवसाला बोटभर, कधी तेवढंही नाही, आणि काडी चिंधीनं पायाला बांधून माणसाला घरी पाठवायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर. असे पंधरा-पंधरा दिवस, कधी महिना. माणूस कळवळून म्हणायचा, "मावशे, ओढ ना गं एकदाचा." तू त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाहीस. "वोढला का तुटंल, तुटला का पाय गेला. मंग बस लावनीला घरात, बायकोच्या शिव्या खात." तुझा स्वतःचा उजवा पाय असाच गेलेला. लहानपणी तुझ्या बापाला घाई झाली, त्यानं नारू ओढला, तो आत तुटला आणि गुडघा कायमचा आखडला. चुलीपुढं तू तो पाय लांब पसरून बसायचीस आणि तांदळाची भाकरी कडेनं, तिरकी थापायचीस. भाकरी सगळीकडे अशीच थापतात असं मला किती तरी वर्षं वाटत होतं.

तर हे डोक्यात घेऊन मी शिकायला गेलो आणि लढाईच्या दिवसांत जिल्हा लोकल बोर्डाचा सॅनिटरी इन्स्पेक्टर होऊन परत आपल्याच भागात आलो. गावात मला कुणी इन्स्पेक्टर म्हणायचं नाही. विहिरींत लाल औषध टाकत फिरायचो म्हणून सगळे मला 'लाल पानीवाला' म्हणायचे, आणि तूही एकदोनदा तशीच हाक मारलीस. पहिल्याच सुट्टीत मी तुला चुलीशी बसून सांगितलं की नारू देवीच्या कोपानं येत नाही, आपल्या बावेतनं येतो. आपली बाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. माणूस घागर भरायला खाली उतरतो, घोटाभर पाण्यात उभा राहतो, पायाला नारूची जखम असली की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात, पाण्यातले बारीक किडे ती गिळतात आणि आपण ते पाणी पितो. वर्षानं नारू बाहेर. तू भाकरी तव्यावर टाकायची थांबलीस. "म्हंजे ज्यांचं मी काढलं, तेच जाऊन परत पान्यात घालून आलं?" मी म्हटलं, हो. तू खूप वेळ हसत होतीस. दुसऱ्या दिवशी तू तुझं जुनं लुगडं फाडून त्याची दुहेरी गाळणी शिवलीस, माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "तुजं बांदकाम व्हईल तवा व्हईल. तवर यातनं गाळून पिवा म्हनावं." पहिल्या पगारापेक्षा मला त्या गाळण्याचा आनंद जास्त झाला होता. तू माझं ऐकलंस, हा आनंद.

उपाय तर सोपा होता. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, कप्पी लावायची. माणूस पाण्यात उतरलाच नाही तर नारूचा खेळ खलास. आणि मी काही हुकूम घेऊन घुसलो नव्हतो, हे तूच सांगशील. पौषात वही घेऊन मी घर न् घर फिरलो. बायकांना विचारलं, कारण पाणी बायकाच भरतात एवढी अक्कल मला होती. बायका खूश झाल्या. सत्तावीस पायऱ्या भरल्या घागरीनं चढायच्या, त्यापेक्षा वरून ओढलेलं कुणाला नको होतं. पाटलाला विचारलं. तो म्हणाला, "बांद बाबा, माज्या घरात दोन लंगडं हायती." मी डोंगरातल्या कातकऱ्यांच्या वाडीवरसुद्धा चढून गेलो. तिथं तुझी मैत्रीण भेटली, जिच्या दोन्ही पायांतले नारू तू एका उन्हाळ्यात काढले होतेस. तिला विचारलं, "पाणी कुठलं पिता?" तिनं मागच्या झऱ्याकडं हात केला. झरा वाहत होता, मी ओंजळभर पिऊन पाहिला, गोड होता. वहीत लिहिलं, वाडी झऱ्याचं पाणी पिते, बावेशी संबंध नाही. ती खरंच बोलली, मी खरंच लिहिलं, आणि तरी ते खोटं होतं. हे कुठल्या मुद्द्यात बसवू, सांग.

बावेच्या तळाशी, डाव्या अंगाला, शेवटच्या पायरीच्या कडेला दगडात खोदलेली एक कुंडी होती. मधल्या फटीतून बावेचंच पाणी झिरपून तिच्यात यायचं. मी पौषात उतरलो तेव्हा तिच्यात कुजलेली पानं, शेवाळ आणि दोन बेडूक. मी लिहिलं, घाण कुंडी, वापरात नाही, बुजवावी. त्या दिवशी जेवताना तुला हे वाचून दाखवलं तर तू भाताचा घास हातातच धरून बसलीस. "ती वाडीची कुंडी हाय." मी म्हटलं, वाडी झऱ्याचं पाणी पिते, मी स्वतः विचारून आलोय. तेव्हा तू मला ते बोललीस, जे मी पुढं हजार वेळा लोकांना ऐकवलं आणि स्वतःचं म्हणून ऐकवलं: "पुसात काय इचारतोस? वैशाखात इचार. पुसात समदीच साधू." मी म्हटलं, वैशाखापर्यंत थांबलो तर मंजुरी जाईल, साहेबांना माघात कागद हवाय. तू म्हणालीस, "मंग साहेबाला पाज ते कागद." आणि मला आणखी भात वाढलास. तू रागावलीस की चेष्टा केलीस, मला कळलं नाही. तुझा राग आणि चेष्टा एकाच वाटीत असायचे.

काम फाल्गुनात लागलं. त्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळायचं, कर्जतच्या स्टेशनात उतरायचं आणि तिथून गाडीबैलानं यायचं. निम्म्या गोणी दगड होऊनच आल्या. लोखंडी कप्पी मिळेना, तर पळसदरीकडच्या एका सुताराकडून लाकडी करून आणली. गावानं दगड दिले, माती टाकली, मी स्वतः पाट्या उचलल्या. चैत्र सरता सरता पायऱ्या गडप झाल्या, वर गोल कठडा उभा राहिला, आणि पहिली बादली पाटलाच्या सुनेनं ओढली. तू कठड्याला हात लावून म्हणालीस, "ग्वाड काम केलंस." खरं सांगतो, मला साहेबाच्या शाबासकीची गरजच उरली नव्हती. घरी आल्यावर माझ्या मनात होतं की आता या गावात कुणी भाकरी तिरकी थापणार नाही.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, मी कठड्याला चुना लावत होतो. डोंगराच्या वाटेनं वाडीच्या सहा-सात बाया उतरल्या, डोक्यावर मडकी, पुढं तुझी मैत्रीण. झरा आटला होता. दर वर्षी आटतो, हे त्यांना माहीत, तुला माहीत, गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. दर वैशाखात त्या उतरायच्या, गावच्या बाया घरी गेल्यावर भर उन्हात बावेत जायच्या, कुंडीतली पानं काढून ती धुवायच्या आणि महिना-दीड महिना तिच्यातलं पाणी न्यायच्या. ती बाई जिथं पायऱ्या सुरू व्हायच्या तिथं येऊन थांबली. तिथं आता माती होती, मी चोपून घेतलेली. तिनं मला विचारलं, "दादा, कुंडी कुठं गेली?" मी म्हटलं, "आता खाली उतरायचं नाही. वरून ओढायचं." ती म्हणाली, "कशानं?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. गावच्या बाया आपापला दोर घरून आणायच्या आणि घरी न्यायच्या. वाडीचं मडकं गावाच्या पाण्यात सोडायचं हे कुणी खपवून घेतलं नसतं, म्हणून तर कधीकाळी कुणीतरी ती कुंडी खोदली होती. कुंडी अपमानाचीच होती, आई. पुढं लोकांशी वाद घालताना मी हे किती तरी वेळा म्हटलं, की बरं झालं तो अपमान बुजला. पण पाणीही त्याच कुंडीत होतं. अपमान वेगळा काढून पाणी ठेवायची काही युक्ती होती का, हे मला अजूनही कळलेलं नाही.

त्या दिवशी मी स्वतः त्यांची मडकी भरून दिली आणि सांगितलं की गावातल्या बाया ओततील. दोन-तीन दिवस ओतलंही. मग ज्याला त्याला आपलं काम. वाडीच्या बाया उन्हात तासन् तास कठड्यापासून दूर, करंजाच्या सावलीत बसून राहायच्या. मग तू जायला लागलीस. आखडलेला पाय ओढत दुपारच्या उन्हात, डोक्यावर पदर, आणि एकेका बाईचं मडकं भरून द्यायचीस. दहाव्या दिवशी तुझा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मग तू ओसरीवर बसून घायपाताचा वाख भिजवलास, ठेचलास, वाळवलास आणि दोर वळायला घेतलास. आठ दिवस तू दुसरं काही केलं नाहीस. तीन पदरी दोर, आणि टोकाला हात कापू नये म्हणून तुझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंफलेली. मला म्हणालीस, "ह्यो वाडीचा दोर. कठड्याच्या मागल्या अंगाला खुटी ठोक." मी खुंटी ठोकली, दोर टांगला, त्याला रॉकेलचा एक धुतलेला डबा बांधला. त्या दुपारी तुझ्या मैत्रिणीनं पहिल्यांदा स्वतः पाणी ओढलं. जाताना तिनं तुझ्या दारात पानाच्या द्रोणात करवंदं ठेवली, आणि तू ती मला दिली नाहीस, एकटीनं खाल्लीस.

चार दिवसांनी पाटील घरी आला. दाराशीच उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आज म्हणू शकतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुंडी येगली व्हती, कुनाचं काय म्हननं नव्हतं. ही बाव हाय. वाडीचा डबा बावेत जातोय, बाया पानी भरीनात. दोन घरांनी पहारी काढल्यात, पायऱ्या परत मोकळ्या करतो म्हनतात. मी किती दिस धरून ठिवू?" तू आतून सगळं ऐकत होतीस. तू बाहेर न येता म्हणालीस, "त्यास्नी म्हनावं, नारू काडाया माज्याकडं येऊ नका." पाटील हसला आणि गेला. दोनच दिवसांत माझे साहेब बाव बघायला यायचे होते. आपल्या बावेचं काम साहेबांना पटलं तर कर्जत आणि खालापूरच्या बाकीच्या पायविहिरींना मंजुरी मिळणार होती. पायऱ्या उकरलेल्या दिसल्या तर सगळंच बोंबललं असतं.

साहेब आले, तेव्हा खुंटीवर दोर नव्हता. त्यांनी बाव पाहिली, स्वतः एक बादली ओढली, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि दुसऱ्याच दिवशी मला कडावच्या बाजूला पुढच्या विहिरींच्या कामावर धाडलं. मी वळकटी बांधून गेलो. कडावला पंधरा-सोळा दिवस होतो. तिथल्या बाया आणि तिथला पाटील सगळे हो म्हणत होते, आणि मला वाटत होतं की मला आता हे काम जमलं. परत आलो तर तू चुलीपुढं बसली होतीस आणि चूल पेटलेली नव्हती. वाडीत जुलाब-उलट्यांची पटकी शिरली होती. दोर नाही आणि तुझा गुडघा अजून उतरलेला नाही, म्हणून त्यांनी खालच्या ओहोळाच्या वाळूत खड्डा करून डवरा खणला होता, गुरं बसतात त्या जागेच्या खालच्या अंगाला, आणि ते पाणी पीत होते. वाडीतली पाच माणसं गेली, त्यांत तुझी मैत्रीण. तू एवढंच सांगितलंस. मग विचारलंस, "दोर कुनी नेला रं?" आणि मी म्हणालो, "मला काय ठाऊक. पाटलाच्या माणसांनी नेला असंल."

मीच काढला होता, आई. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी, तू शेजारी गेलेली असताना. डबा करंजाखाली ठेवला आणि दोर पिशवीत घातला. माझ्याजवळ नियमाचा आधार होता, बोर्डाचा नियमच होता की विहिरीत एकच स्वच्छ बादली जावी, खाजगी दोर-भांडी जाऊ नयेत. पण नियम सगळ्या दोरांना होता आणि काढला मी एकच. बाकीचे दोर बाया घरी नेतात, टांगलेला हा एकच होता, असंही मी स्वतःला सांगून पाहिलंय. मनात एवढंच होतं की साहेब येऊन जाऊ देत, परवा परत टांगतो. तो परवा आलाच नाही, कडावचा हुकूम आला. हुकूम हातात पडल्यावरही खुंटीपर्यंत चालत जायला मला किती वेळ लागला असता? पाऊण चिलीम ओढून होईस्तोवर जाऊन आलो असतो. गेलो नाही. पहारी काढलेली दोन घरं डोळ्यांपुढं होती आणि मला माझी बाव वाचवायची होती. माझी बाव, बघ कसं लिहितोय.

आता माझा गोंधळ कुठं आहे ते सांगतो. त्या उन्हाळ्यात पटकी काही फक्त वाडीत नव्हती. जिथं कुणी पायरी बुजवली नव्हती अशा गावांतही ती आली आणि माणसं घेऊन गेली. कदाचित कुंडी असती तर कुंडीतूनही आली असती, उलट बावेतून सगळ्या गावातही पसरली असती. आपल्या गावात मात्र एकही माणूस दगावला नाही, आणि ते कठड्यामुळं असणार असं माझं शिक्षण मला सांगतं. तीन वर्षांनी गावात नारू औषधालाही उरला नाही. तुझ्या ओसरीवरची रांग संपली. तू खराट्याच्या काड्या निवडून ठेवायचीस तो डबा रिकामा झाला, आणि एका उन्हाळ्यात तू म्हणालीस, "कामच नाय ऱ्हायलं बघ, हात नुसतं बसल्यात." तू हसत होतीस. मग मी चूक केली की बरोबर? एका तागडीत सगळ्या गावाचे पाय आणि दुसऱ्या तागडीत तुझी मैत्रीण. तो काटा मला आजतागायत वाचता आलेला नाही. आणि वाचता आला तरी, डवऱ्याचं पाणी प्यायल्यानंच ती गेली की दोर असता तरी गेली असती, हे मला कोण सांगणार? माझ्या सबंध नोकरीत मला असं एकही काम भेटलं नाही ज्याचा शेवट सरळ लिहिता आला. लोकांना वाटतं विहीर म्हणजे दगड, सिमेंट आणि पाणी. मलाही वाटायचं.

पाटलाचंही मला कळत नाही. तू त्या दिवसापासून त्याच्या घरी पाऊल टाकलं नाहीस. संक्रांतीला त्याच्या सुनेचं वाण घेतलं नाहीस, त्याच्या नातवाच्या बारशाला गेली नाहीस, तो समोरून आला की पदर ओढून बांधाच्या दुसऱ्या बाजूला उतरायचीस, तो पाय घेऊन. आणि त्याला तर ठाऊक होतं. त्या संध्याकाळी दोर काढताना त्यानं मला पाहिलं होतं, शेताकडून येत होता, थांबला आणि पुढं गेला. दोन-तीन वर्षांनी खालापूरच्या बाजारात भेटला तेव्हा मी शरमेनं म्हटलं, "आईचं तुमच्यावर उगाच मन खट्टू झालंय." तो तंबाखू मळत म्हणाला, "तुजी आय माज्याशी बोलत नाय, ऱ्हाऊ दे. तिला एक कुनीतरी लागतंय. तू कामाचा मानूस हायस, मी म्हातारा हाय." त्यानं तुला कधी सांगितलं नाही. का? त्याला मी वाचायला हवा होतो, की त्यानं दोर काढायला मला भाग पाडलं म्हणून त्यालाच टोचत होतं? तो मेला तेव्हाही तू गेली नाहीस, आणि मी गेलो आणि पुढं होऊन खांदा दिला. लोक म्हणाले, लाल पानीवाला मोठ्या मनाचा.

मी पुढं दर गावात वैशाखात विचारलं. हे मात्र मी पाळलं. पौषातला कागद कुणी मागितला तर खुशाल सांगायचो की ओला आहे, वाळला की देतो. आटलेल्या झऱ्यावर जाऊन बसायचो आणि उतरून कोण येतं ते बघायचो. जिथं कुंडी दिसली तिथं आधी वाडीसाठी वेगळी विहीर मागितली, मिळेपर्यंत पायऱ्यांना हात लावला नाही, म्हणून माझी कामं रेंगाळली आणि बढती दोनदा हुकली. बाकीचे इन्स्पेक्टर मला 'वैशाखबुवा' म्हणायचे. जिथं थांबलो तिथं त्या थांबण्याच्या दोन वर्षांत किती पाय आखडले, तेही मला माहीत आहे, कारण ते लोक मला येऊन दाखवायचे. म्हणजे घाई केली तर एकाचं नुकसान आणि थांबलो तर दुसऱ्याचं. तू म्हणायचीस, ओढू नको, बोटभर गुंडाळ. पण बोटभर गुंडाळतानाही माणूस महिनाभर कळवळतोच की. उद्या त्या पोरांना हे सांगितलं तर ती म्हणतील, काका, मग आम्ही करायचं काय? आणि मी काय सांगू?

आणि सगळ्यात मोठा गोंधळ तुझा. तू दुसरा दोर का वळला नाहीस? पाटलाच्या माणसांनी नेला असं तुला वाटत असतं तर तू आठ दिवसांत दुसरा वळला असतास, तो नेला असता तर तिसरा. तुझा हट्ट मी ओळखतो. पुढच्या वैशाखात वाडीच्या बाया उतरल्या, तेव्हा तू सुजका गुडघा घेऊन पुन्हा रोज बावेवर जायला लागलीस आणि हातानं ओढून देत राहिलीस, पुढची चार वर्षं, बोर्डानं वाडीला तिची विहीर देईपर्यंत. ओसरीवर वाख पडलेला असायचा. तू त्याला हात लावला नाहीस.

मला एक दिवाळी आठवते, त्याच वर्षीची. पावसाळ्यानंतर कडावला पुन्हा काम लागलं होतं, तिथून मी घरी आलो होतो, वळकटी ओसरीवर टाकली आणि पाय धुवायला मागं गेलो. आलो तर तू वळकटी पुढ्यात घेऊन बसली होतीस आणि गाठ सोडत होतीस. तुला तेव्हा नीट दिसत नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडायला लागला होता, सगळं बोटांनी चाचपून करायचीस. वळकटी तुझ्या दोरानं बांधलेली होती. टोकाची हिरवी चिंधी मातकट झाली होती, पण होती. तुझी बोटं त्या चिंधीवर आली, थांबली, मग पुढं सरकली. तू गाठ सोडलीस, दोराची नीट घडी केलीस, वळकटीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "पानी तापलंय, आंगोळीला जा." मी निघालो त्या दिवशी तूच ती पुन्हा बांधून दिलीस, घट्ट. त्या दोरानं मी पुढं सगळी नोकरी वळकटी बांधली. आताही तो कपाटावर आहे, बसल्या जागेवरून दिसतोय.

तू ओळखलंस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. पाटलाशी तू शेवटपर्यंत बोलली नाहीस, तर ओळखलं नसशील. दुसरा दोर वळला नाहीस, तर ओळखलं असशील. दोन्ही खरं कसं असेल? की माझं पाप तू जाणूनबुजून त्याच्या अंगावर टाकून ठेवलंस आणि त्यानंही ते वागवलं, दोघांनी मिळून, न बोलता, माझ्यासाठी? तसं असेल तर मला ते नको होतं, आई. आणि तसं नसेल तर मी तीस-चाळीस वर्षं उगाच तुम्हा दोघांचा आभारी आहे.

ऊन उतरलंय. उद्या जाईन आणि बहुतेक एकच मुद्दा सांगेन, वैशाखात विचारा. ती पोरं लिहून घेतील. दोराचं सांगेन की नाही, आत्ता सांगता येत नाही. हे पत्र तर कुणाला द्यायचं नाही, घडी करून त्या दोराखाली ठेवीन. फक्त एक राहिलं. त्या दिवाळीला घाईत हाताला लागला म्हणून मी तो दोर बांधला, असं मी आजवर स्वतःशी म्हणत आलो. तसं नव्हतं. कडावला माझ्याकडं सुताचा चांगला नवा दोर होता. तुझा मी मुद्दाम बांधून आणला होता, आणि वळकटी तुझ्यासमोर टाकून पाय धुवायलाही मुद्दामच गेलो होतो.